वरचं टोक मोकळं

"दोन तासांचं काम आहे," असं साहेब म्हणाले, तेव्हाच मी पोटदुखीचं निमित्त काढून घरी जायला हवं होतं. आमच्या धंद्यात दोन तासांचं काम नावाची वस्तू नसते. दोन महिन्यांचं असतं, दोन वर्षांचं असतं, आणि काही कामं अशी असतात की ती करणारा माणूस निवृत्त होतो पण काम होत नाही. पण साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते, आणि माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवला की मी विरघळतो. लग्नसुद्धा माझं असंच ठरलं होतं. तेव्हा हात सासऱ्यांचा होता.

आमचं ऑफिस हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करतं. कोणाची साखर किती, कोणाला ताप किती, कोणाला कुठली गोळी चालत नाही, या सगळ्या नोंदी त्यात राहतात. त्यातला 'मर्यादा' नावाचा क्लास साहेबांनी माझ्या गळ्यात घातला. क्लास म्हणजे आमच्या भाषेत एक साचा. एकदा नीट बनवला की त्यातून पाहिजे तेवढ्या वस्तू काढाव्यात. माझ्या साच्यातून निघायच्या त्या मर्यादा. प्रत्येक तपासणीला एक खालचं टोक आणि एक वरचं टोक. पेशंटचा आकडा दोन टोकांच्या मध्ये असला तर पडद्यावर हिरवं, बाहेर गेला तर लाल. शाळेतल्या मुलालाही कळावं इतकं सोपं.

अडचण एवढीच होती, की काही मर्यादांना एकच टोक असतं. रक्तातला ऑक्सिजन पंचाण्णवच्या वर हवा. वर किती, याला बंधन नाही. चांगलं कोलेस्टेरॉल चाळीसच्या वर हवं. ते फार चांगलं झालं म्हणून कोणी डॉक्टरकडे धावत नाही. म्हणजे वरचं टोक मोकळं. हा साचा ज्याने बनवला होता तो गृहस्थ आता दुसऱ्या ऑफिसात होता, आणि मोकळं टोक ही कल्पनाच त्याच्या डोक्यात आली नव्हती. साहेब म्हणाले, "तेवढी सोय करून टाक. सोमवारी हॉस्पिटलात सुरू करायचंय."

मी केली. टोक दिलेलं नसेल तर ती जागा रिकामी ठेवायची, असं लिहिलं. आता रिकामं म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला कळतं. कॉम्प्युटरला कळत नाही. ते त्याला वेगळं समजावून सांगावं लागतं, आणि ते सांगायचं माझ्याकडून राहिलं. मग त्याने आपल्या समजुतीने रिकाम्या जागी शून्य ठेवलं. 'चाळीसच्या वर' याचं झालं 'चाळीस ते शून्य'. त्या जुन्या गृहस्थाने साच्यात एक पहारेकरी बसवून ठेवला होता: खालचं टोक वरच्या टोकापेक्षा मोठं दिसलं की बोंब मारायची आणि काम बंद पाडायचं. तो पहारेकरी प्रत्येक पेशंटच्या नोंदीला बोंब मारायला लागला. साहेब माझ्या मागे उभे, घड्याळ पुढे पळतंय, आणि पडद्यावर लाल अक्षरांची रांग लागलेली. मी मनाशी म्हटलं, टोकं उलटी पडली असतील. कोणीतरी घाईत उलटी भरली असतील. समजूतदार माणूस अशा वेळी काय करेल? सरळ करून घेईल. मी दोन ओळी लिहिल्या: टोकं उलटी असली तर त्यांची अदलाबदल करावी.

बोंब थांबली. साहेबांनी खांद्यावर पुन्हा हात ठेवला. चाचणी विभागाने, म्हणजे साहेबांच्या मेहुण्याने, दोन्ही टोकं असलेल्या मर्यादा तपासून सगळं ठीक असल्याचं कळवलं. मोकळ्या टोकाच्या तपासायच्या असतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता काही करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. अशा रीतीने 'चाळीसच्या वर ते चांगलं' याचं 'शून्य ते चाळीस ते चांगलं' झालं, आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज मी एक फार सुंदर गोष्ट लिहिली.

आता सासऱ्यांकडे यायला हवं, कारण या सगळ्यात ज्यांचं काही जाणार होतं ते तेच.

सासऱ्यांचा गुडघा गेला, म्हणून ते आमच्याकडे राहायला आले. आमचं सॉफ्टवेअर लागलेल्या त्याच हॉस्पिटलात गुडघ्याची वाटी बदलायची आणि स्वतःच्या पायांनी स्वतःच्या घरी जायचं, हा त्यांचा बेत. त्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोनच खोल्या, पण दार रस्त्यावर उघडतं. दारात खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खिडकीसमोरून फक्त कबुतरं जातात, आणि ती हटकल्यावर थांबत नाहीत. सासरे दिवसभर खिडकीशी बसत आणि मी घरात पाऊल टाकलं की विचारत, "जावईबापू, तारीख मिळाली का?"

त्यांनी लवकर घरी जावं असं मलाही मनापासून वाटत होतं. हे मी प्रेमानेच म्हणतो. पण ज्या घरात एकच बाथरूम आहे आणि दोन पुरुषांना सकाळी पेपर वाचायचा आहे, त्या घरात प्रेमालाही मर्यादा पडते. शिवाय मी एकदा जेवताना बोलून गेलो होतो, की त्या हॉस्पिटलचं सगळं सॉफ्टवेअर मीच लिहितो, तारखेचं काय घेऊन बसलात. तेव्हापासून सासरे मला हॉस्पिटलचा मालकच समजत होते.

तारीख मिळाली. पण तिच्या आधीच्या आठवड्यात हॉस्पिटलने नवीन सॉफ्टवेअरच्या आनंदात आमच्या भागातल्या लोकांची मोफत तपासणी केली, आणि आमची सगळी बिल्डिंग रक्त देऊन आली. दोन दिवसांनी दारावर थाप पडली. समोर पळते मास्तर उभे. निवृत्त कवायत शिक्षक. पहाटे पळतात, उकडलेलं खातात, आणि जिन्यात भेटले की आपल्या पोटाकडे बघून सुस्कारा सोडतात. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझं चांगलं कोलेस्टेरॉल मर्यादेबाहेर आहे," ते म्हणाले. "लाल आलंय. बासष्ट."

"बासष्ट तर उत्तम..." मी म्हणायला लागलो, आणि मला माझ्या त्या दोन ओळी आठवल्या.

तेवढ्यात खालून गादीवाले आले. यांचं गाद्यांचं दुकान आहे, आणि आपल्या मालावर त्यांचा इतका विश्वास आहे की ते दिवसभर त्याच्यावरच असतात. त्यांच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावर तेज. "अठ्ठावीस!" ते म्हणाले. "हिरवं. सगळं हिरवं. मास्तर, मी तुम्हाला किती दिवस सांगतोय, त्या पळण्याने माणूस झिजतो. जरा बसत जा. माझ्याकडे या, चांगली सहा इंची गादी काढून देतो."

कवायत शिक्षकाला कोणी बसायला सांगितलेलं मी प्रथमच बघत होतो. मास्तर हळूहळू जिना उतरून गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या बुटांचा आवाज आला नाही.

मी धावत ऑफिस गाठलं. चूक मला दिसली होती, चुकीचा बाप मीच होतो, दुरुस्तीही मलाच करायची होती. पण आमच्याकडे असं चालत नाही. दुरुस्ती करायला तक्रार लागते. तक्रार वापरणाऱ्याने करायची असते. मी वापरणारा नाही, मी बनवणारा. मी हॉस्पिटलात गेलो आणि खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, कृपा करून माझ्या कामाबद्दल एक तक्रार करा.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आम्हाला काही त्रास नाहीये. उलट छान रंगीत दिसतं."

"पण ते चुकीचं दिसतं."

"असं पेशंटने सांगायला हवं."

"पेशंटला कसं कळणार?"

"मग तक्रार कशाची?" बाई म्हणाल्या आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायला आलेल्या माणसाला कोर्टाने हाकलून द्यावं, तसं मला झालं.

शेवटी मास्तरांना हाताशी धरून तक्रार केली. ती मंजुरीला गेली. मंजुरी देणाऱ्या समितीत सात जण, आणि सातही जण एका वेळी शहरात असायला हवेत. तोवर सासऱ्यांची तारीख उजाडली.

तिसऱ्या मजल्यावरून सासऱ्यांना खाली न्यायचं म्हणजे खुर्चीसकट. पुढे मास्तर, मागे मी, आणि बाजूला गादीवाले, ज्यांनी फक्त हाताचा आधार द्यायचा होता पण पहिल्याच वळणावर त्यांनाच आधार लागला. आता आपण सगळ्यांत निरोगी आहोत असं कागदोपत्री ठरल्यामुळे त्यांनी माघार घेतली नाही, एवढं मात्र मान्य करायला हवं. मास्तर "एक-दोन, एक-दोन" म्हणत होते. सासरे वरून सूचना देत होते. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती आणि लोक "नीट जा हं" म्हणत होते. सासरे प्रत्येकाला सांगत होते, "येताना चालत येतो."

हॉस्पिटलात त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ऑक्सिजन सत्त्याण्णव. पडदा लाल झाला. माझ्या साच्यानुसार ऑक्सिजन शून्य ते पंचाण्णव हवा होता. थोडक्यात, श्वास न घेणाऱ्या माणसाचं ऑपरेशन तिथे बिनदिक्कत झालं असतं. हाडांचे डॉक्टर सासऱ्यांकडे बघत होते, सासरे ठणठणीत आवाजात त्यांना त्यांच्या कन्सल्टिंग रूमच्या पंख्याबद्दल सल्ला देत होते, पण लाल असलं की ऑपरेशन थिएटरचं कुलूप उघडत नाही. ती सोयसुद्धा आमच्याच ऑफिसने करून दिली होती.

ऑपरेशन न होताच खुर्ची पुन्हा वर आली. ती वर चढवताना काय होतं ते ज्याने उचलली आहे त्यालाच विचारा. सासरे कोणाशी बोलत नव्हते. बायकोही बोलत नव्हती, पण ती फक्त माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. मी म्हटलं, मुळापासून करू द्या, टोक मोकळं आहे की नाही याची वेगळी खूण ठेवू द्या. साहेब म्हणाले, खूण ठेवायची तर जुन्या नोंदींची रचना बदलेल, रचना बदलायला समिती लागेल, आणि समितीतले दोघं आता परदेशी गेलेत. "त्यापेक्षा वरच्या टोकाला एखादा मोठा आकडा टाक ना. नऊ हजार नऊशे नव्याण्णव. त्याच्या वर कोणाचं काय जाणार आहे?" आणि खांद्यावर हात ठेवला.

मी टाकला. ती अदलाबदलीची दोन ओळींची सोय मात्र तशीच ठेवली. कशाला काढायची? शिवाय आता टोकं उलटी पडणारच नव्हती, असं मला वाटत होतं. वाटणं हा माझा दुसरा जुना आजार.

लोकांना नवीन कागद गेले. मास्तरांना हिरवं आलं, आणि ते हरखून गेले. पण कागदावर छापलं होतं, 'योग्य मर्यादा: चाळीस ते नऊ हजार नऊशे नव्याण्णव'. मास्तर महत्त्वाकांक्षी माणूस. ते वर येऊन मला म्हणाले, "मी बासष्टवर आहे. वर बराच वाव दिसतोय." दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळीही पळायला लागले. गादीवाल्यांना लाल आलं. त्यांनी ते मानलंच नाही. "आधीचा रिपोर्ट बरोबर होता," ते म्हणाले. "एकदा दिलेलं असं परत घेतात का?" त्यांनी जुना हिरवा कागद दुकानात काचेखाली लावून ठेवला.

पुन्हा तारीख. पुन्हा खुर्ची. पुन्हा "एक-दोन". या वेळी दारं उघडली पण "नीट जा" कोणी म्हणालं नाही, नुसतं बघत राहिले. ऑपरेशनच्या आधी सहा तासांहून जास्त उपाशी राहायचं असतं. सासऱ्यांनी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. नर्सने शेवटचं कधी खाल्लं ते विचारून लिहिलं. ऑक्सिजन हिरवा झाला. मी बायकोकडे बघून हळूच हसलो.

उपास लाल झाला.

मी त्या पडद्यापुढे उभा राहून मनातल्या मनात हिशेब केला. माझा साचा फक्त रक्तालाच वापरत होते असं नाही. वेळेच्या मर्यादाही त्यातूनच निघत होत्या. आणि कॉम्प्युटर वेळ सेकंदांत मोजतो. सहा तास म्हणजे वीस हजारांच्या वर सेकंद. माझा तो मोठा आकडा, ज्याच्या वर कोणाचं काही जाणार नव्हतं, म्हणजे जेमतेम पावणेतीन तास. खालचं टोक सहा तास, वरचं पावणेतीन. टोकं उलटी पडली. माझ्या समजूतदार दोन ओळी धावत आल्या आणि त्यांनी ती सरळ केली: उपास पावणेतीन ते सहा तास असावा. रात्रभर उपाशी असलेला माणूस त्यात कसा बसणार?

नर्सला हे काही माहीत नव्हतं. तिने पडदा वाचला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही जास्त उपाशी राहिलात."

सासरे हाडाचे भांडखोर. पण नर्सला सोडून ते माझ्याकडे वळले. "जास्त उपाशी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "जावईबापू, माणूस जास्त उपाशी कसा असतो? मला जरा समजावून सांगा." मी समजावून सांगायला सुरुवातही केली. सेकंदांपर्यंत आलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, गप्प बसा."

एवढं झाल्यावर मात्र सगळी यंत्रणा हलली. परदेशी गेलेल्या दोघांसकट समितीचे सात जण एका दिवसात गोळा झाले. मला मुळापासून दुरुस्ती करायची परवानगी मिळाली, आणि मी ती केली. मोठा आकडा काढला. अदलाबदलीच्या त्या दोन ओळी काढल्या. मोकळ्या टोकाला वेगळी खूण दिली, रिकामं म्हणजे शून्य नव्हे हे कॉम्प्युटरला शब्दन् शब्द समजावून सांगितलं, आणि साहेबांच्या मेहुण्याला बाहेर बसवून एकेक तपासणी स्वतः तपासली. अखेर तो साचा बरोबर झाला. माझ्या आयुष्यात मी इतकी बरोबर गोष्ट दुसरी केलेली नाही.

समितीने आणखी एक मागणी केली होती. डॉक्टरांचा आता लाल रंगावर विश्वास राहिला नव्हता. तेव्हा लाल आलं तरी कुलूप उघडता यावं म्हणून 'तरीही पुढे चला' असं एक बटण द्यावं. मी दिलं. चांगलं मोठं, निळं, ठसठशीत. ते पहिल्याच फटक्यात चाललं.

तिसऱ्या वेळी खुर्ची उचलली तेव्हा मास्तरांनी एक-दोन म्हटलं नाही. संध्याकाळच्या पळण्याने त्यांचाच घोटा सुजला होता. तळमजल्यावर आल्यावर सासऱ्यांनी उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले आणि म्हणाले, "या वेळेला होईल ना हो?"

"होईल, बाबा," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

ऑक्सिजन हिरवा. उपास हिरवा. रक्तदाब, साखर, सगळं हिरवं. आणि शेवटी प्लेटलेट लाल. प्लेटलेट म्हणजे रक्तातले ते कण, जे जखम झाली की रक्त थांबवतात. ते दीड लाखाच्या वर हवेत. सासऱ्यांचे चाळीस हजार.

"झालं का सुरू?" हाडांचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी टोपी घातली होती, हात धुतले होते. "मागच्या दोन्ही वेळेला हे हिरवं होतं. आज लाल? काय बिघडवलंत आज?" आणि नर्सला म्हणाले, "ते निळं बटण दाबा."

मी तिथेच भिंतीला टेकलो. डोक्यात आकडे आपोआप फिरायला लागले. पहिल्या वेळी माझ्या साच्याने शून्य ते दीड लाख ही मर्यादा धरली होती. चाळीस हजार त्यात बसले. हिरवं. दुसऱ्या वेळी वरचं टोक तो मोठा आकडा, तो दीड लाखापेक्षा लहान, म्हणून अदलाबदल, म्हणून जवळजवळ दहा हजार ते दीड लाख. चाळीस हजार त्यातही बसले. हिरवं. आणि हिरवं असलं की त्यामागचा आकडा कोणी वाचत नाही. म्हणजे ऑक्सिजनच्या चुकीने थांबवलं नसतं, तर प्लेटलेटच्या चुकीने सासऱ्यांना पहिल्याच दिवशी टेबलावर घेतलं असतं. माझ्या एका चुकीने त्यांना मारायला काढलं होतं आणि दुसरीने वाचवलं होतं, आणि या सगळ्यात माझं स्वतःचं असं कर्तृत्व काहीच नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "बटण दाबू नका. हे बरोबर आहे."

नर्सचं बोट बटणाकडे निघालं होतं. डॉक्टर वळले. "कोण तुम्ही?"

"मी लिहिलंय हे."

"असं होय!" डॉक्टर म्हणाले. इतकं छोटं वाक्य मी इतकं लांब ऐकलेलं नाही. "मग गेल्या वेळी काय होतं? तेही बरोबर होतं?"

"नाही. ते चूक होतं. त्याच्या आधीचंही चूक होतं. आजचं बरोबर आहे."

"आणि हे आम्ही कशावरून मानायचं?"

मी आजवर बरोबर आहे असं म्हटलेलं सगळं चूक निघालं होतं, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं. ट्रॉलीवरून सासरे म्हणाले, "जावईबापू, पुरे आता. त्यांना करू दे." बायकोने माझा दंड धरला आणि दातओठ खात म्हणाली, "तुम्ही बाहेर चला."

मी गेलो नाही. मला भीती वाटत होती, खरी भीती. मी नर्स आणि त्या निळ्या बटणाच्या मधे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "माझ्या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू नका. पुन्हा रक्त काढा आणि माणसाकडून मोजून घ्या. प्लेटलेट जास्त निघाले तर मला पोलिसांत द्या." बटण मी इतकं मोठं का केलं, असं त्या क्षणी मला फार वाटलं.

डॉक्टरांनी टोपी काढली. माझं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, मी हलत नव्हतो म्हणून. रक्त काढलं, लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली धरून कण मोजले. आम्ही बाकावर बसलो होतो. बायको एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मधे बसायला कोणीच तयार नव्हतं.

चाळीसही नव्हते. अडतीस हजार.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "टेबलावर रक्त थांबलं नसतं," ते बायकोला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. रक्ताच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं, हे नाजूक दुखणं आहे म्हणाले, औषधं लांबतील म्हणाले. गुडघ्याचं काय, असं बायकोने विचारलं. "गुडघ्याचं आता विसरा," ते म्हणाले. "या वयात, या रक्ताला हात लावायची माझी तयारी नाही."

बायको त्या कॉरिडॉरमध्ये रडली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तुमच्यामुळे वाचले की तुमच्यामुळे अडकले, तेच मला कळत नाहीये." मलाही कळत नव्हतं. पण तिने माझा हात झिडकारला नाही.

संध्याकाळी खुर्ची पुन्हा जिन्याशी आली. मास्तर लंगडत होते, गादीवाल्यांनी दुकान बंद करून हाताला उपरणं गुंडाळलं होतं. त्यांना झाला प्रकार कळला होता. दुसऱ्या मजल्यावर दम खायला खुर्ची टेकवली. गादीवाले पायरीवर बसले. मास्तर घोटा चोळायला लागले. बायको दार उघडायला पुढे गेली होती.

सासऱ्यांनी माझी बाही ओढली. मी वाकलो. ते अगदी हळू बोलत होते, इतरांना ऐकू जाऊ नये असं.

"ते लाल आहे ना," ते म्हणाले, "ते तुम्हाला हिरवं करता येतं का हो? माझ्यापुरतं. एका दिवसापुरतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. चेहरा अगदी पोराचा झाला होता.

"रक्त गेलं तर जाईल," ते म्हणाले. "पण इथे वर नको हो. मला माझ्या दारात बसायचंय."

करता येत होतं. जगात ते हिरवं करू शकणारा मी एकटा माणूस होतो. कुठल्या दोन ओळी घातल्या की ते हिरवं होतं, हे मला पाठ होतं.

"नाही येत, बाबा," मी म्हणालो.

मग त्यांनी बाही सोडली.

"मग तुम्हाला येतं तरी काय?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी खुर्चीचे मागचे पाय धरले. मास्तर म्हणाले, "उचला." आम्ही उचलली.